धडा वाचून झाल्यावर पहिला प्रश्न कोणता?

नागपूरच्या मानेवाड्यातल्या एका आईनं विचारलं आहे: मुलगी नववीत, मराठी माध्यमात. सहावी-सातवीपर्यंत हाताला लागेल ते वाचायची, जेवताना वाचते म्हणून रागवावं लागायचं. आता पुस्तक पुढे केलं तर बाजूला सारते. दिवाळीच्या सुट्टीत शाळेनं ‘एक पुस्तक वाचून दोन पानी परीक्षण लिहा’ असा गृहपाठ दिला, तेव्हा तिनं मोबाईलवर कुणाचं तरी परीक्षण शोधलं आणि उतरवून काढलं. मग शाळेच्या सक्तीमुळेच मुलांचं मन पुस्तकांवरून उडतं का, आणि आता घरी काय करायचं?

ताई, मी नागपुरातल्या शाळांमध्ये अनेक वर्षं मराठी शिकवलं, सोबत शाळेच्या ग्रंथालयाचं कामही पाहिलं. तुमच्या मुलीसारखी मुलं मला जवळजवळ प्रत्येक तुकडीत भेटली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शाळेतलं वाचन मुलांचं पुस्तकांशी असलेलं नातं घडवतं आणि बिघडवतंही, हे खरं आहे. पण सगळा दोष सक्तीवर टाकायला मी तयार नाही. सक्तीनं वाचलेली कविता जन्मभर जपणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि स्वतः निवडून आणलेलं पुस्तक चार पानांत मिटवणारी मुलंही. पुस्तक कुणी निवडलं यापेक्षा, ते वाचून झाल्याबरोबर मुलाला पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, याचा परिणाम मला कितीतरी मोठा दिसला.

विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जून सरता सरता उघडतात. नवी पुस्तकं त्याच सुमारास हातात पडतात. गणित-विज्ञानाच्या पुस्तकांना कव्हर घातलं जातं आणि ती दप्तरात जातात. मराठीचं पुस्तक मात्र कव्हर घालता घालताच उघडलं जातं. पहिल्याच तासाला मी विचारायची, कोणी काय काय वाचलं? निम्म्याहून जास्त हात वर यायचे. कुणी सगळ्या कथा संपवलेल्या असायच्या, कुणी दादाच्या पुढच्या वर्गाचंही पुस्तक वाचून टाकलेलं असायचं. त्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं. आणि हे तेच पुस्तक आहे, ज्याला आपण ‘सक्तीचं वाचन’ म्हणतो.

आता सप्टेंबरमध्ये या. तोच धडा आता रीतसर शिकवायला घेतला आहे. पहिला परिच्छेद वाचून होतो न होतो तोच मागच्या बाकावरून आवाज येतो, “मॅडम, हा धडा पेपरात येते का?” धड्यातलं एक अक्षरही बदललेलं नाही. जूनमध्ये त्या मुलानं तो वाचला तेव्हा पुढे काय होतं एवढंच त्याला हवं होतं. सप्टेंबरमध्ये त्याला ठाऊक आहे की पुढे आकृतिबंध, म्हणजे धड्यातली माहिती मांडणारी आकृती, पूर्ण करायचा आहे, चौकटी भरायच्या आहेत, कारणं लिहायची आहेत.

दहावीच्या कुमारभारतीची कृतिपत्रिका, म्हणजे मराठीची हल्लीची प्रश्नपत्रिका, पाहा, कारण नववीचं सगळं शिकवणं तिच्याकडेच डोळे लावून चालतं. लेखी ८० गुण आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २०. त्या ८० मध्ये गद्याला १८, पद्याला १६, स्थूलवाचनाला ६, भाषाभ्यासाला १६ आणि उपयोजित लेखनाला २४. गद्याच्या १८ पैकी दोन पठित उताऱ्यांचे प्रत्येकी ७, म्हणजे वर्षभर घोटून घोटून शिकवलेल्या धड्यांतलेच उतारे. मुलानं आधी कधीही न पाहिलेला उतारा स्वतःच्या बळावर वाचून समजून घेण्याला उरतात ४. म्हणजे नवं काही वाचता येण्याची किंमत ८० पैकी चार गुण. मुलं हिशेबात हुशार असतात. कोणत्या गोष्टीला किती वेळ द्यायचा हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

कृतिपत्रिका आली तिच्यामागचा हेतू चांगला होता, हे मी मनापासून सांगते. जुन्या प्रश्नपत्रिकेत पाठ केलेली उत्तरं जशीच्या तशी उतरवली की काम भागायचं. ते थांबावं, मुलानं उतारा समोर ठेवून विचार करावा, स्वतःचं काही म्हणावं, म्हणून ‘स्वमत’ आलं. प्रत्येक पठित उताऱ्यावर तीन गुण. तुझं मत काय, तुझा अनुभव काय. याहून सुंदर प्रश्न भाषेच्या पेपरात कोणता असणार? पण गाईड छापणाऱ्यांनी पहिल्याच वर्षी ‘स्वमत’ची तयार उत्तरं छापली. शिकवणीत ती लिहून दिली जाऊ लागली. काही शाळांमध्ये फळ्यावर स्वमत लिहून दिलं जातं आणि चाळीस मुलं एकच मत वहीत उतरवून घेतात, शेवटी ‘असे मला वाटते’ हेसुद्धा.

मुलांचं मन पुस्तकांवरून नेमकं इथेच उडतं असं माझं ठाम मत आहे. कंटाळवाणा धडा मूल सहन करतं, त्याला कंटाळ्याची सवय असते. पण एखाद्या गोष्टीनं त्याच्या आत खरंच काही हललेलं असताना ‘ते राहू दे, हे लिही’ असं त्याला सांगितलं जातं, तेव्हा त्याला एक गोष्ट पक्की कळते: पुस्तक वाचून मला काय वाटलं याची इथे कुणाला गरज नाही. एका वर्गात दुष्काळावरच्या कथेवर बोलणं चाललं होतं. काटोलकडून नागपुरात शिकायला आलेला, आजोळी राहणारा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, यातला बाप खोटा वाटते. आमचे बाबा असं बोलतच नाई. ते गप बसते.” साहित्याच्या समीक्षेतला याहून खरा शेरा कोणता असेल? परीक्षेत त्यानं काय लिहिलं ते मी नंतर पाहिलं. गाईडमधलं उत्तर. बाप किती धीरोदात्त आहे, यावर आठ ओळी.

त्यानं तसं का लिहिलं याचंही कारण आहे. त्याच्या स्वतःच्या भाषेत लिहिलं असतं तर लाल शाईनं ‘अशुद्ध’ असा शेरा मिळाला असता. आपल्याकडची मुलं घरी ‘करून राह्यलो’, ‘काऊन’, ‘कायले’ म्हणतात. काहींच्या घरी हिंदी, छत्तीसगडी किंवा गोंडी बोलतात. प्रमाण मराठी त्यांना शिकवायलाच हवी, त्यात मला काही शंका नाही. तिच्याशिवाय पुढची दारं उघडत नाहीत. पण मत सांगण्याच्या पहिल्या क्षणीच व्याकरण तपासायला बसलो, तर मूल मत सांगायचंच थांबतं. मी वर्गात दोन वेगवेगळ्या वेळा ठेवल्या होत्या. बोलताना कुणी कसंही बोलावं. लिहिताना, दुसऱ्या दिवशी, ते प्रमाण भाषेत कसं म्हणायचं ते आपण सगळे मिळून पाहू. यानं वेळ जास्त गेला, पण वहीत चाळीस वेगवेगळी उत्तरं आली.

आणखी एका गोष्टीकडे आपलं फार दुर्लक्ष होतं. ‘वाचायला आवडत नाही’ म्हणणाऱ्या मुलांपैकी कितीतरी जणांना मुळात वाचणं जड जातं. मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२३ च्या सर्वेक्षणात ग्रामीण भागातली १४ ते १८ वयाची मुलं-मुली घेतली होती. त्यांतल्या सुमारे २५ टक्क्यांना दुसरीच्या पातळीचा उतारा आपापल्या भाषेत सलग वाचता आला नाही. हे आकडे देशातल्या निवडक जिल्ह्यांचे आणि खेड्यांतले आहेत, नागपूर शहराचे नाहीत. पण शहरातल्या शाळेतही अशी मुलं असतात आणि ती फार शिताफीनं लपून राहतात. आपली पाळी येणार असं दिसलं की पाणी प्यायला जातात, बाकाखाली पेन शोधतात. अशा मुलाला सगळ्यांसमोर उभं करून ‘पुढचं वाच’ म्हटलं, तो अडखळला, चार जण हसले, की त्या दिवसानंतर पुस्तक म्हणजे लाज. हे एकदा मनात बसलं की कितीही सुंदर कथा द्या, उपयोग होत नाही. त्याला आधी एकट्यानं, कुणी न ऐकता, सोपं आणि भरपूर वाचायला मिळायला हवं. तुमच्या मुलीचा प्रश्न हा नाही, पण तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीचा असू शकतो.

‘जुने, रटाळ धडे काढून नवे, मजेदार धडे घाला म्हणजे मुलं वाचतील,’ असं दर अभ्यासक्रम बदलाच्या वेळी ऐकू येतं. मला ते पटत नाही. आपल्याच नागपूरच्या एका कवीला मोठी माणसंसुद्धा दुर्बोध म्हणतात. त्याची कविता मी नववीच्या वर्गात एकही शब्द न समजावता नुसती वाचून दाखवली होती. अर्थ कुणालाच सांगता आला नाही, तरी तीन मुलींनी ती वहीत उतरवून घेतली. चौदाव्या वर्षी न समजणारी गोष्ट आवडू शकते. याच वयात तर ती सगळ्यात जास्त आवडते. उलट मोबाईल, क्रिकेट, सोशल मीडिया असले विषय घालून मुद्दाम ‘त्यांच्यासाठी’ लिहिलेले धडे त्यांना लगेच ओळखू येतात आणि ते त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

आता पाठ्यपुस्तकाच्या बाजूनं बोलते, कारण ती बाजू फार कमी जण मांडतात. बालभारती संस्था १९६७ साली स्थापन झाली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या लाखो घरांत शिरलेलं पहिलं आणि कित्येकदा एकमेव ललित पुस्तक म्हणजे भाषेचं पाठ्यपुस्तक. ज्या घरात दुसरं पुस्तकच नाही, तिथे ‘सक्तीचं वाचन की आवडीचं वाचन’ हा वाद पोहोचतच नाही. कष्टकऱ्याच्या मुलीला दलित आत्मकथनातलं पान, शेतकऱ्याच्या मुलाला रानातली कविता, शहरातल्या मुलाला आदिवासी पाड्यावरचा अनुभव पहिल्यांदा भेटतो तो या पुस्तकात. चाळीस वर्षांचे माजी विद्यार्थी बर्डीवर भेटतात तेव्हा आपलं नाव सांगायच्या आधी कवितेच्या ओळी म्हणून दाखवतात. त्या ओळी त्यांनी सक्तीनंच पाठ केलेल्या होत्या. पाठांतराला हल्ली फार नावं ठेवली जातात. पण चांगल्या आवाजात, चालीवर, सगळ्यांनी मिळून म्हटलेली कविता मुलाच्या अंगात मुरते. तिच्याबद्दल कुणी काही विचारत नाही, ती नुसती म्हणायची असते, म्हणूनच ती टिकते असं मला वाटतं.

आणि नागपुरात राहून दीक्षाभूमीचा उल्लेख केल्याशिवाय वाचनाबद्दल लिहिता येणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून दरवर्षी अशोक विजयादशमीला लाखो लोक तिथे येतात आणि पुस्तकं विकत घेऊन परततात. रांगेनं लागलेल्या त्या स्टॉल्सवर उभं राहून एकदा पाहा. हातावर पोट असलेला बाप दहावीतल्या मुलाला जाड पुस्तक घेऊन देतो. कदाचित त्याला स्वतःला ते वाचता येणार नसतं. त्या मुलाला पुस्तकावर कुणी आकृतिबंध काढायला सांगणार नसतं, पण हे पुस्तक आपल्या घरात का आलं हे त्याला नीट माहीत असतं. माझ्या वर्गात अशा घरांतली मुलं जड पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचायची, न समजलेलं विचारायला यायची. सक्ती आणि आवड यांच्या पलीकडे एक तिसरी गोष्ट असते: आपल्या माणसांच्या लेखी या पुस्तकाला किंमत आहे हे मुलाला दिसणं. शाळा ही गोष्ट सहज देऊ शकते आणि बहुतेक वेळा विसरते.

ती कशी देता येते, ते एका साध्या उदाहरणातून सांगते. पाठ्यपुस्तकातला धडा पुष्कळदा एखाद्या मोठ्या पुस्तकातला तुकडा असतो, तीन-चार पानांत बसवलेला. धड्याच्या सुरुवातीला लेखकाचा परिचय असतो, त्यात त्यांच्या पुस्तकांची नावं. मुलं ती नावं पाठ करतात, पण त्यांतलं एकही पुस्तक त्यांनी हातात धरलेलं नसतं. मी सार्वजनिक वाचनालयातून मूळ पुस्तक आणून टेबलावर ठेवायची आणि धडा कुठून कुठपर्यंत आहे ते दाखवायची. ‘याच्या आधी एवढं सगळं घडून गेलंय, आणि हे पुढचं अजून बाकी आहे,’ एवढंच म्हणायची. मधल्या सुट्टीत कुणीतरी येऊन ‘मॅडम, पुढे तो परत येते का?’ असं विचारायचंच. सांगत नसे, पुस्तक देत असे. एका धड्यामागे दोन जणांनी पूर्ण पुस्तक वाचलं तरी वर्षाअखेरीस वर्गात वाचणाऱ्यांचा एक गट तयार होतो आणि मग मुलंच एकमेकांना पुस्तकं देतात. यासाठी शाळेला वेगळा पैसा लागत नाही. शिक्षकानं स्वतः ते पुस्तक वाचलेलं असणं मात्र लागतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. बदल्या, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं, ऑनलाईन माहिती भरणं यांतून शिक्षकालाच वाचायला वेळ मिळत नाही.

शाळेच्या ग्रंथालयाची गोष्ट थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात पहिली ते आठवीच्या प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकं असावीत असं स्पष्ट लिहिलं आहे. पुस्तकं बऱ्याच शाळांत असतातही, पण कुलूपबंद कपाटात. पुस्तक हरवलं तर शाळेच्या वस्तूंची नोंद असलेल्या डेडस्टॉक रजिस्टरवरून उत्तर कोण देणार, ही भीती असते. माझ्या मते दरवर्षी काही पुस्तकं हरवणं, फाटणं हे ग्रंथालय चालू असल्याचं लक्षण आहे आणि मुख्याध्यापकांनी तसं लेखी मान्य करायला हवं.

तुमच्या मुलीच्या गृहपाठाकडे येते. सुट्टीतलं परीक्षण, वाचलेल्या पुस्तकांची यादी, जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीस, हे सगळं चांगल्या मनानं केलं जातं. २०१५ पासून १५ ऑक्टोबरला, डॉ. कलाम यांच्या जन्मदिनी, राज्यात वाचन प्रेरणा दिन होतो. त्या दिवशी सगळी शाळा शांत बसून वाचते हे दृश्य मला फार आवडतं. पण बक्षिसाबद्दल एक गोष्ट शिक्षकांनी आणि पालकांनी माहीत करून घ्यावी. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडायचं अशीच मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सुंदर प्रमाणपत्र मिळेल. काहींना काही न सांगता शेवटी प्रमाणपत्र दिलं. काहींना काहीच दिलं नाही. पुढे मोकळ्या वेळात पाहिलं, तर बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं पेनांकडे आता बरीच कमी वळत होती. अचानक प्रमाणपत्र मिळालेल्यांचं तसं झालं नाही. म्हणजे बक्षिसानं नुकसान केलं नाही, ‘हे केलंस तर ते मिळेल’ या बोलीनं केलं. आवडीची गोष्ट कामाच्या यादीत गेली. वाचायची आवड असलेल्या मुलीला ‘वाच आणि दोन पानं लिही’ म्हटलं की तिचंही तेच होतं. तिनं परीक्षण उतरवलं हा आळस नाही. तिनं शाळेचं काम शाळेच्या रीतीनं उरकून टाकलं, इतकंच. मला यात थोडी आशाही दिसते. जिला पुस्तकाचं काहीच वाटत नाही, ती मुलगी नावडतं पुस्तक वाचून कसंबसं दोन पानं लिहून टाकते. तुमच्या मुलीला तसं खोटं खोटं वाचणं जमलं नसावं.

सगळंच शाळेच्या माथी मारू नका हेही सांगते. तेरा-चौदाव्या वर्षी कितीतरी वाचणारी मुलं थांबतात. शिकवणी सुरू होते, मैत्रिणींचं जग मोठं होतं, मोबाईल हातात येतो. लहानपणची पुस्तकं आता बाळबोध वाटतात आणि मोठ्यांची अजून आपली वाटत नाहीत. हा मधला काळ एक-दोन वर्षांचा असतो. तो तिच्या मागे न लागता जाऊ दिला तर बरीच मुलं परत येतात. मागे लागलं तर वाचन हा आई आणि मुलीमधला भांडणाचा विषय होऊन बसतो आणि मग ती हट्टानं वाचत नाही.

घरी काय करायचं? पहिली गोष्ट, काही महिने तिला पुस्तकाबद्दल एकही प्रश्न विचारू नका. ‘किती पानं झाली’, ‘त्यातून काय शिकलीस’, ‘गोष्ट सांग बघू’, यांतलं काहीच नाही. विचारायचंच असेल तर ‘मला आवडेल का गं हे?’ असं विचारा आणि ती हो म्हणाली तर खरंच वाचा. पुस्तक अर्ध्यात सोडायची तिला मुभा द्या. मोठी माणसं किती पुस्तकं अर्ध्यात सोडतात! हिंदीत वाचलं, इंग्रजीत वाचलं, खुनाच्या रहस्यकथा वाचल्या, तीच कादंबरी पाचव्यांदा वाचली, तरी चालेल. नागपूरच्या मुलांना दोन-तीन भाषा सहज येतात, त्याचा फायदा वाचनाला होऊ द्या. मराठी मागे पडेल ही भीती मला कधी खरी ठरलेली दिसली नाही, उलट वाचायची सवय एका भाषेतून दुसरीत जाते.

पुस्तकं विकत घ्यायची ऐपत हवी असंही नाही. घराजवळच्या सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व तिच्या नावानं घ्या, तुमच्या नावानं नको. पुस्तक निवडायला तिला एकटीला जाऊ द्या. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. तुम्ही लहानपणी पाहिलेला एखादा अंक शोधून तुम्हीच वाचत बसा, ती डोकावेल. झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ आहे, १९२३ साली स्थापन झालेली संस्था. तिथे किंवा शहरात कुठेही लेखक बोलायला येणार असेल तर तिला आणि तिच्या मैत्रिणीला सोबत न्या. पुस्तक लिहिणारा माणूस समोर बसून चहा पितो, बोलताना अडखळतो, हे पाहिलं की मुलांच्या मनातली पुस्तकांची भीती फार लवकर जाते. उन्हाळा येईलच. एप्रिल-मे महिन्यात दुपारी घराबाहेर पाऊल टाकता येत नाही, कूलरसमोर सगळं घर लोळत असतं. त्या वेळी तुम्ही काहीतरी मोठ्यानं वाचा, अगदी वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी का असेना. चौदा वर्षांच्या मुलीला वाचून दाखवायचं म्हणजे विचित्र वाटेल, पण मोठ्या वर्गातली मुलंसुद्धा वाचून दाखवलेलं किती लक्ष देऊन ऐकतात हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

परीक्षेची काळजी तुम्हाला असणारच. पुढच्या वर्षी दहावी. कृतिपत्रिका सोडवणं हे एक वेगळं कौशल्य आहे आणि ते वेगळंच शिकवावं. दिवाळीनंतर आठवड्यातून एक दिवस घड्याळ लावून एक कृतिपत्रिका सोडवायची, तपासायची, संपलं. त्या दिवसाला वाचन म्हणू नका, सराव म्हणा. आणि अपठित उताऱ्याच्या चार गुणांसाठी, उपयोजित लेखनाच्या २४ गुणांसाठी तिचं बाकीचं मोकळं वाचनच उपयोगी पडणार आहे. त्याची तयारी कुठलंही गाईड करून देऊ शकत नाही.

मराठीच्या बाईंना भेटा, तक्रार घेऊन नको. त्यांच्याकडे साठ मुलांचा वर्ग असतो, पस्तीस मिनिटांचा तास असतो आणि अभ्यासक्रम संपवायचा असतो. त्यांना दोनच गोष्टी सुचवा. पहिली, बाई, नवा धडा असेल त्या दिवशी तो तुम्हीच सलग वाचून दाखवा, मधे अर्थ सांगायला थांबू नका, आणि त्या तासाला ‘तुम्हाला कुठे थांबावंसं वाटलं?’ यापलीकडे एकही प्रश्न विचारू नका, आकृतिबंध उद्या. दुसरी, सुट्टीतल्या परीक्षणाऐवजी मुलांना तीन पर्याय द्या: आवडलेल्या पुस्तकातलं एक पान उतरवून आणणं, पुस्तकातल्या कुणाला तरी पत्र लिहिणं, किंवा पुस्तक का सोडलं ते लिहिणं. तिसरा पर्याय ऐकून शिक्षक दचकतात. पण मला सगळ्यात प्रामाणिक आणि सगळ्यात लांब उत्तरं त्याच पर्यायातून मिळाली आहेत. आवडलं नाही हे सिद्ध करायला मुलांना पुस्तक फार बारकाईनं वाचावं लागतं.

उतरवलेलं ते परीक्षण शाळा सुरू होण्याआधी तिला पुन्हा लिहायला लावू नका, त्यावरून बोलणंही करू नका. सुट्टीचे दिवस उरले असतील तर एवढंच सांगा, की हवं तर दुसरं लिही, पुस्तक तुझ्या पसंतीचं, एक पान पुरे, आणि नाही आवडलं तर तसं लिही. बाई काय म्हणतील याची तिला भीती वाटली, तर वहीत खाली तुम्ही दोन ओळी लिहून सही करा.